पाठकोऱ्या कागदांवरचं अर्थशास्त्र

तास संपायला पाच मिनिटं उरली की मी वर्गात पाठकोरे कागद वाटते. आज जे कळलं नाही ते लिहा. गुण नाहीत, शुद्धलेखन बघणार नाही, नाव घातलं नाही तरी चालेल. घरी बोलता तसंच लिहा.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्डमध्ये संख्याशास्त्र शिकवणारे फ्रेडरिक मोस्टेलर व्याख्यान संपताना विद्यार्थ्यांकडून असंच लिहून घेत; १९८९ मध्ये त्यांनी त्यावर लेखही लिहिला. मी तालुक्याच्या कॉलेजात एफ. वाय. बी. कॉम.ला अर्थशास्त्र शिकवते. ‘समजलं का?’ विचारलं की एका सुरात ‘हो मॅडम’ येतं आणि परीक्षेत गाइडमधली व्याख्या जशीच्या तशी उतरते. व्याख्या बिनचूक असते, त्यामुळे काय अडलंय ते कुणालाच दिसत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा.

महागाईचा धडा झाला त्या दिवशी एकीनं लिहिलं, ‘महागाईचा दर सहावरून चारवर आला म्हणता, मग आमच्याकडे तूरडाळ स्वस्त का झाली नाही?’ बाकीचे कागद चाळले, तर बऱ्याच जणांची अडचण हीच. दर उतरला म्हणजे किमती उतरल्या, असंच मुलं धरून चालली होती. पुढच्या तासाला तो कागद मी मोठ्यानं वाचला आणि फळ्यावर हिशेब मांडला. शंभराची वस्तू सहा टक्क्यांनी वाढली, १०६ झाली. पुढच्या वर्षी चारच टक्के वाढली, तरी ११० रुपये २४ पैसे. दर घटला, पण किंमत चढलीच. मग म्हटलं, आता हेच आईला सांगायचंय असं समजून चार ओळी लिहा. त्या ओळींत गाइडची भाषा औषधालाही नव्हती. किराणा होता, एसटीचं तिकीट होतं, मेसचे पैसे होते.

या कागदांना अंतर्गत मूल्यमापनाचे गुण द्या, असं सहकारी सुचवतात. मी देत नाही, देणारही नाही. गुण आले की मुलं पुन्हा बरोबर दिसेल तेवढंच लिहायला लागतील.

महागाईच्या धड्याच्या त्याच गठ्ठ्यात, नाव न घातलेल्या एका कागदावर होतं, ‘रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य चार टक्के आहे, मग शून्य का नाही? महागाई वाईट आहे ना?’ अभ्यासक्रमात २०१६ साली कायद्यात आलेली चौकट होती, चार टक्के आणि वर-खाली दोनची मुभा, एवढंच. हा प्रश्न त्यात नव्हता. पुढचा धडा बाजूला ठेवला आणि तो अख्खा तास या प्रश्नावर घेतला.