हिरवा ठिपका आणि लाल बाटली



वैशाखात पुण्याहून धाकटी सून आली ती पिशवीत चार बाटल्या घेऊनच. "आई, हा मी केलेला हॉट सॉस. पुढच्या महिन्यात प्रदर्शनात मांडणार आहे. तुम्ही चव बघून मार्क द्या." नोकरी सोडून वर्षभर ती या उद्योगामागे आहे. साठवलेले पैसेही त्यात घातलेत. म्हणजे विचारणे काही गमतीचे नव्हते.

मी पडले बी.कॉम. बाटली हातात आली की ताळेबंद वाचावा तशी आधी मागची बाजू वाचते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, सगळ्यांत जास्त असेल ते पहिले. हिच्या यादीत पहिली होती मिरची, पाणी नव्हे. मनात म्हटले, पोरगी प्रामाणिक आहे. पण पुढे वाचत गेले तर लसूण, दाटपणासाठी गाजर, व्हिनेगर, मध! आणि मिरच्या मिठाच्या पाण्यात तीन आठवडे आंबवलेल्या. एवढे सगळे असून पुढच्या बाजूला हिरवा ठिपका. कायद्याने तो बरोबरच आहे. कायदा कंदमुळे बघत नाही, मधही मांसाहारात धरत नाही. तो ठिपका बघून डोळे झाकून बाटली घेणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणी मला माहीत आहेत.

"मला हे चालत नाही," एवढेच म्हणाले आणि बाटली खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला.

ती आपल्या समाजात जन्मलेली नाही. पण लग्नाला आठ वर्षे झाली, माझ्या स्वयंपाकघरात तिने कधी लसणाची पाकळी आणली नाही. सूर्यास्ताआधीचे जेवणही ती आमच्याबरोबरच उरकते. रात्री मला झोप लागेना. तिने सॉसचे मार्क विचारले होते आणि मी तिलाच नापास केल्यासारखे बोलले होते. नियम पाळला ते ठीक, पण तो सांगण्याची ही कुठली रीत?

सकाळी सामायिक झाल्यावर तिला म्हटले, "एक घाणा माझ्या पद्धतीने करू. मग मार्क देते."

रंगाला ब्याडगी, तिखटाला थोडी लवंगी. देठ काढून, मिरच्या चिरून, आत बघून घेतल्या. आंबटपणाला आणि दाटपणाला उकडलेल्या कैरीचा गर, थोडा गूळ, मीठ. सगळे शिजवून वाटले आणि गाळले. मिरचीचा जाळ बियांत असतो असे मी चाळीस वर्षे समजत होते. तो खरा असतो बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत, हे सुनेने मला शिकवले.

चव बघायला ती पापड भाजायला निघाली. मी थांबवले. तिखट लागले की वर दही घेणार, आणि उडदाच्या पापडावर कच्चे दही म्हणजे द्विदल! त्यापेक्षा साधा गरम भात आणि तापवलेले दूध बरे. पाणी पिऊन उपयोग नसतो. मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, दुधाने मात्र उतरतो.

तिच्या बाटलीवर तिखटपणाचा स्कोव्हिल आकडा होता. तो कसा काढतात म्हणून विचारले. १९१२ साली अमेरिकेतल्या विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञाने मिरचीचा अर्क साखरपाण्यात वाढवत नेला आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत किती पाणी लागले ते मोजले. म्हणजे मूळ मोजमाप माणसाच्या जिभेचेच की! मग मीही जीभ लावली. आधी वास घेतला, कैरीचा छान आला. चमच्यावरून ओघळ सलग पडला, पाणी वेगळे सुटले नाही. पहिला घास आंबटगोड, तिखट मागून आले आणि घशात न अडकता जिभेवर राहिले. मीठ मात्र जास्त. "दहापैकी सात," मी म्हटले. "एक मार्क मिठाचा, दोन लवंगीचे. जाळ आहे, पण तिला स्वतःची चव नाही." तिने वहीत लिहून घेतले आणि हसली.

मग हळूच म्हणाली, "आई, यात व्हिनेगर घालून टिकाऊ केला तर लेबलवर 'जैन' लिहू?"

प्रश्न साधा नव्हता. आजचा सॉस आजच संपवायचा. विकायचा तर टिकायला हवा, आणि व्हिनेगर तर आधी मद्य होऊन मगच आंबते. आपल्या घरात लोणच्यालासुद्धा २४ तासांची मर्यादा. मी नाही म्हटले. "त्या एका शब्दावर निम्मा माल खपेल हो," ती म्हणाली. ते मलाही कळत होते. तिच्या पैशांचा हिशोब माझ्या डोळ्यांसमोर होता. पण ज्या बाईने विश्वासाने घेतले, तिचा नियम आपण मोडायचा? "काय नाही ते लिही, आणि काय आहे तेही लिही," एवढेच सांगितले.

लेबल तसेच छापले: कांदा, लसूण, गाजर, मध नाही. व्हिनेगर आहे. प्रदर्शनात आपल्यातल्या दोघीतिघींनी वाचून बाटली परत ठेवली. तिने फोनवर सांगितले, तक्रार न करता. मला वाईट वाटले आणि अभिमानही वाटला.

एक कबुली राहिली. त्या दिवशी चाखायला एक चमचा पुरेसा होता, मी तीन घेतले. रसपरित्यागात आपण दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ सोडतो. मिरची त्या यादीत नाही. असणार कशी? ती पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आली, आचार्यांच्या काळी इथे नव्हतीच. पण जीभ तीच आहे. म्हणून आता अष्टमी-चतुर्दशीला माझ्या ताटात मिरची नसते.

बाकीच्या दिवशी कैरी असेपर्यंत हा सॉस करते. थोडाच, त्या दिवसापुरता. आणि मीठ कमी घालून.