२१२ वी ओळ, पण कुठली?

तर झालं असं, की मागच्या शुक्रवारी संध्याकाळी आमचं सॉफ्टवेअर क्लायंटकडे क्रॅश झालं. रोज नाही, ठरावीक वेळीही नाही, मध्येच कधीतरी. (असले बग म्हणजे लग्नघरातली रुसकी आत्या. कधी बिनसेल सांगता येत नाही.) क्लायंटने कोअर फाईल पाठवली. मी ती जीडीबीमध्ये उघडली आणि पाच मिनिटांत उत्तर समोर! अमुक फाईल, २१२ वी ओळ. तिथे आलेला डेटा लांबी न तपासता बफरमध्ये कॉपी केलेला. गिट ब्लेम मारलं तर नाव निघालं टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीचं.

मी लगेच ग्रुपवर टाकलं, ‘२१२ व्या ओळीवर लेंग्थ चेक नाहीये. कमिट कुणाची आहे ते बघा.’ नाव लिहिलं नाही, पण बघायला किती वेळ लागतो? लीडचं उत्तर आलं, ‘सोमवारी तिच्याशी बोलतो.’ तिचं प्रोबेशन संपायला पंधरा दिवस राहिलेले. हे मला माहीत होतं.

रात्री तिचा मेसेज आला. ‘सर, ती ओळ आता तिथे नाहीये. नवीन रिलीजमध्ये ते फंक्शन बदललंय.’ मी मनात म्हटलं, झालं, कारणं सुरू! आणि झोपलो.

शनिवारी सकाळी उमेळ्याच्या घरात चहा घेऊन बसलो. बिल्ड सर्व्हरवरची तीच बायनरी माझ्या मशीनवर चालवून क्रॅश पुन्हा घडवायचा, एवढंच काम. ब्रेकपॉइंट लावला. प्रोग्रॅम थांबला तो एका रिकाम्या ओळीवर. पुढची स्टेप घेतली तर बाण गेला कॉमेंटवर. मग एका बंद कंसावर. कॉमेंट कधी चालते का राव? फाईलमध्ये ढळढळीत दिसणाऱ्या व्हेरिएबलची किंमत विचारली, तर जीडीबी म्हणतो असं नावच इथे नाही.

आता इथे कुणालाही शंका यायला हवी होती. मला आली नाही. मी म्हटलं ऑप्टिमायझेशन. रिलीज बिल्डमध्ये कंपायलर ओळी इकडच्या तिकडे करतो, व्हेरिएबल गायब करतो, बाण उड्या मारतो, हे खरंच आहे. पण अर्धवट खरं स्पष्टीकरण हाताशी असलं की माणूस पुढे शोधत नाही. दुपारपर्यंत मी तसाच स्टेप मारत बसलो.

साडेबाराला फोन. पुण्याहून मित्र यायचा होता. ‘अरे, पोचलो नायगावला. किती जवळ राहतोस तू दादरपासून! चालतच आलो. बीडीडी चाळींसमोर उभा आहे. उमेळे कुठे म्हणून विचारतोय, तर कुणाला माहीतच नाही.’

मी कपाळावर हात मारला. त्याला मी फक्त ‘नायगावला ये’ एवढंच सांगितलं होतं. आमचं नायगाव पश्चिम रेल्वेवर, भाईंदरच्या खाडीपलीकडे. तो उभा होता मुंबईतल्या नायगावात. त्याचा दोष नाही, नकाशाचाही नाही. नावावरून शोधलं, जवळचं मिळालं ते उघडलं. सातारा जिल्ह्यातून निघाला असता तर कदाचित सावित्रीबाईंच्या जन्मगावी, तिसऱ्याच नायगावात पोचला असता!

‘दादरला परत जा आणि विरार गाडी पकड,’ असं सांगून फोन ठेवला आणि स्क्रीनकडे बघितलं. नाव तेच, जागा दुसरी...

जीडीबीमध्ये ‘इन्फो सोर्स’ टाईप केलं. ही आज्ञा दोन गोष्टी सांगते: कंपाईल करताना फाईल कुठल्या फोल्डरमध्ये होती, आणि आत्ता डिबगरने कुठली उघडली आहे. कंपाईल झालेली बिल्ड सर्व्हरवर. उघडलेली माझ्या लॅपटॉपवरच्या मागच्या रिलीजच्या फोल्डरमधली.

मामला साधा आहे. बायनरीत सोर्स कोड नसतो. डिबग माहितीत असतो फाईलचा पत्ता आणि ओळीचा नंबर, तोही बिल्डच्या वेळचा. माझ्या जन्मदाखल्यावर ‘जिल्हा ठाणे’ आहे, कारण पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. दाखला खोटा नाही, तो त्या दिवसाचा आहे. बिल्ड सर्व्हरवरचा पत्ता माझ्या मशीनवर नसतोच. मग जीडीबी ‘डिरेक्टरी’ आज्ञेने दिलेल्या फोल्डरांत शोधतो, आणि पूर्ण पत्त्याने नाही मिळालं तर नुसत्या फाईलच्या नावाने. तीन महिन्यांपूर्वी एका जुन्या बगसाठी मीच माझ्या जीडीबीआयनिट फाईलमध्ये जुना फोल्डर लिहून ठेवला होता. विसरलो.

बरं, वॉर्निंग का नाही आली? कारण जीडीबी फक्त तारीख बघतो. सोर्स फाईल बायनरीपेक्षा नवी असेल तरच कुरकुरतो. माझी फाईल जुनी होती, म्हणजे त्याच्या लेखी सगळं आलबेल. (व्हिज्युअल स्टुडिओ इथे चेकसम जुळवतो आणि नाही जुळला तर फाईल मुळात स्वीकारत नाही. तो कटकटीचा वाटणारा डायलॉग आता मला आवडायला लागलाय.)

जुनी ओळ उडवली. ‘सेट सब्स्टिट्यूट-पाथ’ने बिल्ड सर्व्हरचा पत्ता नव्या फोल्डरकडे वळवला, आणि त्या फोल्डरमध्ये बिल्डचीच कमिट चेकआऊट केली. पुन्हा चालवलं. आता बाण कसा शहाण्यासारखा चालला! २१२ वी ओळ आली. एक पॉइंटर व्हेक्टरच्या आतल्या एका वस्तूकडे बोट दाखवत होता. मधल्या काळात व्हेक्टरमध्ये भर पडून तो मेमरीत दुसरीकडे हलला होता, पण पॉइंटर जुन्याच पत्त्यावर. व्हेक्टरची जागा संपेल तेव्हाच तो हलणार, म्हणून क्रॅश कधीतरीच.

गिट ब्लेम मारलं. नाव माझं.

पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. आई जेवायला हाका मारत होती. दुरुस्ती दोन ओळींची होती, अवघड काम पुढचं. लीडला खासगीत सांगून भागलं असतं, पण आरोप मी ग्रुपवर केला होता. म्हणून ग्रुपवरच लिहिलं, ‘चुकीची फाईल बघत होतो. बग माझा आहे. तिने काल रात्रीच बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.’ मग तिला फोन केला. ती म्हणाली, ‘सर, मी काल दोनपर्यंत जागी होते. मला वाटलं मलाच काहीतरी दिसत नाहीये.’

यावर काय बोलणार? सॉरी म्हटलं. तिने ‘इट्स ओके’ म्हटलं, पण ते पुरेसं नव्हतं हे दोघांनाही कळलं.

आता बाण रिकाम्या ओळीवर थांबला की मी आधी ‘इन्फो सोर्स’ बघतो, मग गिट ब्लेम. आणि कुणी ज्युनियर म्हणालं ‘ती ओळ तिथे नाहीये’, तर त्याच्या किंवा तिच्या स्क्रीनवर जाऊन बघतो.

असो. मित्र पोचला दोन वाजता, घामाघूम. आईने त्याला वाढता वाढता मला सुनावलं, ‘माणसाला पत्ता नीट सांगायचा असतो रे!’