कुंभार्लीच्या चढाला पाणी पिणारी जीप

कराडहून चिपळूणचा रस्ता नोकरीच्या निमित्ताने मी पुष्कळदा तुडवला आहे. मल्हारपेठ, पाटण मागे पडले की कोयनेचे खोरे अरुंद होत जाते. दोन्ही अंगांना भातखाचरे आणि वर डोंगरउतारावर नाचणी-वरीचे तुकडे. हेळवाकला नदी पाहावी. महाबळेश्वरहून दक्षिणेला आलेली कोयना इथे काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. पण धरणात अडवलेले बरेचसे पाणी तिच्याबरोबर जातच नाही. ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरते, पोफळीच्या भूमिगत वीजघरात जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. नुसत्या नदीकाठी उभे राहणाऱ्याला त्याचा पत्ता लागायचा नाही.

आमच्या दाजींच्या जीपचे पाणी असेच गुपचूप जात होते.

जीप जुनी, डिझेलवरची. सकाळी दूध संकलन केंद्रावर, मग पोरे शाळेत, अडीनडीला वाडीतला आजारी माणूस दवाखान्यात, अशी सगळी कामे तिच्यावर. कुंभार्ली चढून आली की रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी कमी. अंगणात मात्र खाली एक थेंब दिसत नसे. एका कारागिराने न तपासताच सांगितले, "हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल." खर्चाचा आकडा ऐकून दाजी दुभती म्हैस विकायला निघाले होते. बहिणीचा निरोप आला आणि मी गेलो.

रोहिणी नक्षत्राचे दिवस होते. चिपळूणहून आंब्याची कलमे आणायचीच होती. म्हटले, घाटातच परीक्षा घेऊ.

पहाटे इंजिन थंडगार असताना रेडिएटरचे झाकण काढले. (गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. दाबाखालची वाफ आणि पाणी उसळून तोंड-हात भाजतात.) झाकणाचे रबर चिरलेले नव्हते, स्प्रिंगही ताठ होती. हे झाकण क्षुल्लक समजू नका. चौरस इंचाला ७ पौंड दाब त्याने धरला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे ११० अंशांना उकळते. झाकण सैल पडले की घाटात पाणी लवकर उकळून बाहेर पडते.

मग झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू केले. गॅस्केट फुटले असेल तर जळालेला वायू पाण्यात शिरून बुडबुडे येत राहतात. तसे काही आले नाही. तेलाची पट्टी काढून पाहिली, तेल काळेच होते. पाणी मिसळले असते तर ते ताकाच्या चहासारखे फेसाळ, गढूळ दिसते. धुराड्यातून गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला नाही. पण चढाचा जोर पडेपर्यंत गॅस्केट कधी कधी दोष लपवते, म्हणून एवढ्यावर निकाल दिला नाही.

पाणी गळ्याच्या दोन बोटे खाली भरले. अशा जुन्या रेडिएटरला वेगळी टाकी नसते, तोंडोतोंड भरले तर गरम होऊन वाढलेले पाणी सांडणारच. सांडव्याच्या नळीचे टोक एका रिकाम्या बाटलीत सोडून बाटली बांधली. बाटलीचे तोंड मात्र बंद केले नाही.

"भावोजी, ही बाटली कशाला?" दाजींनी विचारले.

"पाणी उकळून किंवा वायूने ढकलून गेले, तर ह्यात सापडेल."

उतरताना काही झाले नाही. चिपळुणात कलमे भरली, अलोरे, पोफळी मागे टाकली आणि चढ लागला. दुपारचे ऊन, मागे ओझे, दुसरा गिअर. करवंदाच्या जाळ्यांत पोरे पाट्या घेऊन बसली होती, पण दाजींचे लक्ष काट्यावर. माथ्यावर थांबलो. बाटली कोरडी! तासाभराने इंजिन निवल्यावर झाकण काढले, तर पाणी खाली गेलेले.

म्हणजे पाणी वरून गेले नव्हते. खाली शिरून बॅटरीच्या उजेडात पाहिले. वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर यावे म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असते. तिथून पांढरट खपलीचा ओघळ गेला होता. कागद लावला, ओला झाला. पंखा हाताने हलवला तर पंपाचा दांडा लटलटत होता. चढाला इंजिन जोरात फिरते, दाब वाढतो, सील पाणी सोडते. पंख्याचा वारा ते तापल्या इंजिनावर उडवतो आणि ते तिथेच वाळते. अंगणात थेंब पडणार कुठून?

पाटणला नवा पंप बसवला, पट्टाही बदलला. विहिरीच्या क्षारांच्या पाण्याऐवजी कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी निम्मे-निम्मे भरले. शेततळ्यात काठी रोवून पाझर मोजतो, तशी दाजींनी एका काडीवर खूण केली आणि महिनाभर दुधाच्या खेपेआधी ती बुडवून पाहिली. पाणी खुणेवरच राहिले. म्हैस गोठ्यातच आहे, कलमांना दुसरी पालवी फुटली आहे.