आबा पडल्यालं साल

आमच्या घरात कुणाची जन्मतारीख लिहून ठेवलेली नव्हती. आजीला मात्र निवडणुका पाठ होत्या. थोरला कधी झाला? ‘आबा पयल्यांदा निवडून आलं तवा.’ म्हणजे 1962. मधली 1967 ची. आणि धाकटा ‘आबा पडल्यालं साल’, 1972. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तिघांनाही 1 जून लावला, पण साल आजीनं सांगितलेलंच.

आबा म्हणजे भाई गणपतराव देशमुख. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, शिक्षणानं वकील, शेवटपर्यंत शेतकरी कामगार पक्षाचे. सांगोल्यानं त्यांना अकरा वेळा विधानसभेत पाठवलं.

ते पडले त्याच वर्षी पाऊसही पडला नाही. माण नदीची वाळू तापून निघाली. तान्ह्या धाकट्याला झोळीत टाकून आई आणि काकी खडी फोडायला जायच्या. घरात लाल मिलोच्या भाकरी, कामावर सुकडी. ती सुकडी खायला मिळावी म्हणून आम्ही थोरली पोरं आईमागं उन्हात चालत जायचो. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला, त्यामागं वि. स. पागे होते, हे आम्हाला कॉलेजात कळलं. आमच्यासाठी ती योजना म्हणजे आईच्या तळहातावरचे फोड. 1974 च्या पोटनिवडणुकीत आबा परत निवडून आले, तेव्हा आजीनं गूळ वाटला. दुष्काळातून उठलेल्या घरात गूळ वाटणं साधी गोष्ट नव्हती.

एस.टी.त आमदारांसाठी एक बाक राखीव असायचं. इतर तालुक्यांतल्या पोरांना ते नुसतं रंगवलेलं अक्षर वाटत असेल. आम्हाला त्यावर बसायची भीती वाटायची, कारण आमचा आमदार खरोखरच एस.टी.नं फिरायचा. 1978 आणि 1999 साली ते मंत्री झाले, तरी घरात त्यांचा उल्लेख ‘आबा’ असाच. ‘साहेब’ म्हणणं कुणाच्या जिभेवर आलंच नाही.

एक गोष्ट अजून बोचते. 1995 साली आम्ही भावंडं आणि चुलतभावंडं मिळून सात जण पुण्या-मुंबईत नोकरीला होतो. मतदानाला कुणीच गेलो नाही. आबा काय, येणारच, असं धरून चाललो होतो. आबा 192 मतांनी पडले. आमच्या सात मतांनी काही फिरलं नसतं, हे गणित आम्हालाही येतं. पण तालुक्यात अशी घरं किती असतील? आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिला बैलगाडीत घालून मतदानाला नेलं होतं. ती आम्हाला काही बोलली नाही. त्या वर्षी तिनं फोनवर नुसतं ‘बरं हाय’ एवढंच म्हटलं.

त्यानंतर 1999, 2004, 2009, 2014, चारही वेळा आम्ही रात्रीच्या गाडीनं गावी गेलो. सगळे, लेकी-सुनांसकट.

30 जुलै 2021 ला आबा गेले. कोरोनामुळे आम्ही पुन्हा विखुरलेलेच होतो. त्याच आठवड्यात थोरल्याला नात झाली. तिची तारीख, वेळ, वजन, सगळं दवाखान्याच्या कागदावर छापून आलं होतं. मधलीनं फोनवर विचारलं, पोरगी कधीची म्हणायची? पलीकडून थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आबा गेल्यालं साल.’