मूल्यांची परीक्षा दवाखान्याच्या दारात

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांच्या मराठी घरांत कॅथलिक विद्यापीठाचं नाव निघालं, की सहसा कुणी नाक मुरडत नाही. मुंबईत १८६९ पासून सेंट झेवियर्स उभं आहे. फादर आणि सिस्टर चालवतात ती संस्था शिस्तीची, हा विश्वास आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मात्र इथल्या कॉलेजचा धर्म विद्यार्थ्याच्या औषधांपर्यंत फारसा पोचत नाही, कारण आजारी पडलं की आपण घरच्या डॉक्टरकडे जातो. तिकडे आरोग्यकेंद्र कॉलेजचं असतं आणि परदेशी विद्यार्थ्याला विमाही बहुधा कॉलेजमार्फतच घ्यावा लागतो. म्हणून या निवडीचा जितका विचार करावा तितकं माझं मत पक्कं होत जातं: कॉलेजची मूल्यं त्याच्या ध्येयवाक्यापेक्षा त्याच्या आरोग्यधोरणात नीट वाचता येतात, आणि ती तिथेच वाचावीत.

गर्भनिरोधक गोळीचंच उदाहरण घेऊ. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिटे’ या विश्वपत्रात कृत्रिम संततिनियमन नाकारलं. पण त्याच विश्वपत्राच्या पंधराव्या परिच्छेदात शारीरिक आजारावरच्या खऱ्या उपचाराला मुभा आहे, मग त्या उपचाराने गर्भधारणा टळणार असली तरी. पीसीओडी या अंडाशयाच्या विकारासाठी डॉक्टर हीच गोळी लिहून देतात, तेव्हा शिकवण आड येत नाही. आड येते ती अंमलबजावणी. २०१२ साली जॉर्जटाउन या कॅथलिक विद्यापीठाची कायद्याची विद्यार्थिनी सँड्रा फ्लूक हिने अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांपुढे नेमकं हेच मांडलं होतं. विद्यापीठाच्या विम्यात वैद्यकीय कारणासाठी सवलत असूनही आपल्या एका मैत्रिणीला गोळ्यांचे पैसे मिळाले नाहीत आणि पुढे तिचं अंडाशय काढावं लागलं, असं तिने सांगितलं. या साक्षीवरून मोठं राजकीय वादळ उठलं, पण मला त्यातला छोटा मुद्दा महत्त्वाचा वाटतो: कागदावरची सवलत आजारी मुलीच्या हाती पडेपर्यंत तिला किती जणांपुढे आपला आजार सिद्ध करावा लागतो?

लसीचा प्रश्नही असाच. रुबेला आणि कांजिण्यांच्या लसींसाठी वापरल्या जाणाऱ्या काही पेशींचा उगम १९६० च्या दशकातल्या गर्भपातांत आहे, त्यामुळे श्रद्धाळूंचा संकोच समजण्यासारखा आहे. कोविडच्या लसींबद्दल व्हॅटिकनने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं, की दुसरा पर्याय नसेल तर अशी लस घेणं नैतिकदृष्ट्या चालेल. ती ऐच्छिक असावी, पण सदसद्विवेकबुद्धीने नाकारणाऱ्याने आपल्यामुळे संसर्ग पसरणार नाही याची सर्वतोपरी काळजी घ्यावी. नोत्र दाम या अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठाने २०२१ मध्ये लस सक्तीची केली आणि वैद्यकीय व धार्मिक कारणांसाठी सूट ठेवली. श्रद्धा आणि शेजाऱ्याचं आरोग्य यांची सांगड घालता येते, हे इथे दिसतं.

यावर पहिला आक्षेप असा, की शिकवण मान्य नसेल तर अशा कॉलेजात जायचंच कशाला? संस्थेला आपल्या श्रद्धेनुसार वागण्याचा हक्क आहे, हे मला मनापासून मान्य आहे. पण ती सर्व धर्मांच्या मुलांना बोलावते आणि फी घेते, तेव्हा काय मिळणार नाही हे आधीच सांगणं हा तिच्या प्रामाणिकपणाचा भाग ठरतो. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: कॉलेजने दिलं नाही तर बाहेर औषधाची दुकानं आहेत. आहेत खरी, पण गाडी नसलेल्या, विम्याशिवाय औषध न परवडणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला ती दूरच असतात. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. धोरणं बदलतात, मग आजचं वाचून उद्याची काय खात्री? नोत्र दामने विम्यातल्या गर्भनिरोधकांविषयीची भूमिका २०१७ च्या शरद ऋतूपासून २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत एकाहून अधिक वेळा बदलली, आणि शेवटी साध्या गर्भनिरोधकांचा खर्च देऊन गर्भपात घडवू शकणारी औषधं वगळली. बदलाची कारणं विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीर पत्रात मांडली होती. धोरण कायम राहण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. ते उघडपणे आणि कारणं देऊन बदललं जातं का, एवढं मात्र पाहता येतं.

म्हणून प्रवेश घेण्याआधी पालकांनी आणि मुलांनी विम्याचं पुस्तक मागवून वाचावं. कुठली औषधं वगळली आहेत, उपचारासाठी सवलत कोण मंजूर करतं, किती दिवसांत करतं, आणि जे इथे मिळत नाही ते कुठे मिळेल हे आरोग्यकेंद्र सांगतं का, हे लेखी विचारावं. स्पष्ट ‘नाही’ म्हणणाऱ्या कॉलेजचा मी आदर करेन आणि त्या उत्तराचा विचार करून निर्णय घेईन. मोघम उत्तर देणाऱ्या कॉलेजवर मात्र, त्याचं चॅपल कितीही सुंदर असलं, तरी आपलं मूल सोपवू नये असंच मी म्हणेन.