तेलाची गाडी आणि टेकडीवरील क्रूस

घाटातील आगगाडीचे छायाचित्र घ्यावयाचे तर ते तेलाच्या टाक्यांच्या गाडीचे घ्यावे, असे आमचे मत आहे. इतर मालगाड्यांचे डबे नाना आकारांचे असतात. काळ्या, गोल टाक्या मात्र जपमाळेच्या मण्यांसारख्या एकामागून एक येतात आणि वळणाचा डौल उठून दिसतो.

ह्याच हौसेने आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील तेहाचापीच्या घाटात गेलो. गेल्या शतकाच्या अखेरीस बेकर्सफील्डकडील खनिज तेलाच्या गाड्या ह्या वाटेने लॉस अँजेलिसकडे जात. चिनी मजुरांनी कुदळ-फावड्यांनी खोदलेला हा मार्ग १८७६ सालचा. येथे रूळ एका टेकडीला पूर्ण वेढा घालून ७७ फूट चढतात. गाडी लांब असली की तिचे तोंड तिच्याच शेपटीवरून जाते! आपला कॅसलरॉक-कुळे घाट ह्याहून उभा खरा. पण तेथे अरण्य आड येते, येथे टेकड्या उघड्या.

त्या टेकडीवर एक पांढरा क्रूस आहे. १२ मे १९८९ रोजी सॅन बर्नार्डिनो येथे उतारावर एक मालगाडी आवरेना. मालाचे वजन कागदोपत्री कमी धरले गेले होते. ब्रेक पुरे पडले नाहीत. तीत मरण पावलेल्या दोन रेल्वे कामगारांचे हे स्मारक. रुळांशेजारच्या घरातील दोन बालकेही त्या दिवशी गेली.

क्रूस वगळला तर चित्र अधिक रेखीव येते. आम्ही तो वगळत नाही. टाक्यांतील भार चित्रात दिसत नाही. तो पेलून उतरणारी माणसेही दिसत नाहीत. शेवटची टाकी वळणाआड जाईपर्यंत आम्ही त्या चौघांसाठी ‘आमच्या बापा’ म्हटले.