संजय उशिराच आला

बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’ 1974 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक घेऊन गेला. समीक्षकांचं वेगळं पारितोषिक असतं, तेही त्यालाच मिळालं. पन्नास वर्षांत या चित्रपटाची एक ठरीव आठवण तयार झाली आहे. दिल्लीत पीएच.डी. करणारी दीपा, तिच्यावर प्रेम करणारा साधा, गबाळा, हसरा कारकुनी संजय, आणि मुलाखतीसाठी मुंबईला गेल्यावर पुन्हा भेटलेला तिचा पहिला प्रियकर नवीन. नवीन जाहिरातीच्या धंद्यातला, लांब केसांचा, काळ्या चष्म्याचा, सिगारेट ओढणारा. दीपा थोडी भुलते, परत येते, आणि शेवटी निशिगंधाचा जुडगा घेऊन आलेला संजयच तिचा ठरतो. थोडक्यात, चकचकीत माणसावर साध्या माणसाची मात. माझ्याही डोक्यात हा चित्रपट कित्येक वर्षं याच घडीत बसला होता. अलीकडे तो पुन्हा पाहिला आणि ही घडी पहिल्या अर्ध्या तासातच विस्कटली. कारण पडद्यावरचा संजय मला आठवत होता तितका गोड नाही. खरं तर तो बराच वैताग आणतो.

तो दीपाला सिनेमाच्या दारात ताटकळत ठेवतो. आल्यावर ओशाळं हसतो आणि लगेच ऑफिसची गाऱ्हाणी सुरू करतो: बढती, वरिष्ठ, युनियन, आणि तो रंगनाथन. या रंगनाथनचं नाव इतक्या वेळा येतं की प्रेमाच्या त्रिकोणातला तिसरा माणूस तोच असावा अशी शंका यावी. दीपाच्या प्रबंधाबद्दल संजय किती बोलतो ते मोजायला बसलं तर एका हाताची बोटं पुरतील. तिचं बोलणं तो ऐकत नाही असं नाही. ऐकता ऐकता त्याला स्वतःचं काहीतरी आठवतं, एवढंच. वेळ चुकली की भरपाई म्हणून फुलं येतात. आपल्याकडे बाजारात ज्याला गुलछडी म्हणतात तोच हा निशिगंध. लांब दांड्यांची, फुलदाणीत घातली की खोलीचा एक कोपरा अडवून बसणारी फुलं. तो स्वतः नसतो तेव्हा ती असतात. बासूदांनी हे सगळं लपवलेलं नाही. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात त्यांनी अठरा वर्षं व्यंगचित्रं काढली होती. माणूस दोन रेघांत पकडायचा तर त्याची खोडच पकडावी लागते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. संजयच्या खोडी ते एकामागून एक मांडत जातात, तक्रारीचा सूर न लावता.

मग आपल्याला तो गोड का आठवतो? मला वाटतं, याचं कारण या चित्रपटात नाहीच, ते पुढच्या चित्रपटांत आहे. ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’, ‘गोलमाल’ या रांगेतून अमोल पालेकर नावाचा जो मध्यमवर्गीय लाडका घडला, त्याचं सगळं पुण्य आपण मागे नेऊन संजयच्या खात्यावर जमा केलं. 1974 च्या हिंदी प्रेक्षकाकडे हे पुण्य नव्हतं. पालेकर तेव्हा मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या माणसांना माहीत होते, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या 1971 च्या चित्रपटात दिसले होते, पण हिंदी पडद्यावर ते नवखे होते. विद्या सिन्हाही नवीन होत्या. त्या प्रेक्षकाला संजय म्हणजे एक अनोळखी माणूस होता, वेळ न पाळणारा. तो आवडून घ्यायचा की नाही हे त्याला दीपाबरोबरच ठरवावं लागत होतं. आपण मात्र निकाल आधीच खिशात घेऊन बसतो. माझं म्हणणं पटत नसेल त्याने 1977 मधले पालेकर पाहावेत. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेल्या ‘भूमिका’त श्याम बेनेगल यांनी याच चेहऱ्याला केशव दळवी केलं, बायकोच्या कमाईवर जगून तिच्यावरच संशय घेणारा नवरा. त्याच वर्षीच्या ‘घरौंदा’त ते स्वतःच्या प्रेयसीला श्रीमंत, आजारी साहेबाशी लग्न करायला सुचवतात. म्हणजे त्या चेहऱ्यात आत्ममग्नता दिसते हे दिग्दर्शकांना तेव्हाच दिसत होतं. ‘रजनीगंधा’तही ती आहे, फक्त तिथे ती कुणाचं वाटोळं करत नाही.

दुसरं कारण नावात आहे. चित्रपट मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरून घेतलेला. (बासूदांचा पहिला चित्रपट, 1969 चा ‘सारा आकाश’, मन्नूजींचे पती राजेंद्र यादव यांच्या कादंबरीवरचा. एकाच घरातल्या दोन लेखकांवर दोन चित्रपट करणारा दिग्दर्शक दुसरा आठवत नाही.) कथा दीपाच्या डायरीसारखी आहे. तिथे गावं कानपूर आणि कलकत्ता आहेत. कानपुरात असताना तिला संजय खरा वाटतो, कलकत्त्याला गेल्यावर पहिलं प्रेम खरं वाटतं, परत आल्यावर पुन्हा संजय. प्रत्येक वेळी तिची खात्री तेवढीच ठाम. हे वाचल्यावर शीर्षकातला तो ‘ही’ जरा खवचट वाटायला लागतो: हेच खरं, पण कुठलं हेच? एका खात्रीच्या वर दुसरी खात्री रचत जायचं आणि वाचकाला कुठल्याच खात्रीवर विसंबू द्यायचं नाही, हे त्या कथेचं कसब आहे. चित्रपटाने कानपूरची दिल्ली केली, कलकत्त्याची मुंबई केली, निशीथचा नवीन केला. हे बदल फार तर सोयीचे. पण ‘यही सच है’च्या जागी ‘रजनीगंधा’ आलं, आणि एका प्रश्नाऐवजी एका माणसाची फुलं दारावर लागली. त्यात लताबाईंचं गाणं त्याच फुलांवर. थिएटरमधून बाहेर पडणाऱ्याच्या ओठांवर संजयची फुलं असणार हे ठरूनच गेलं.

आत मात्र चित्रपट कथेशी इमान राखून आहे. माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा मुंबईतल्या टॅक्सीत आहे. टॅक्सीच्या मागच्या सीटवर दीपा एका खिडकीशी, नवीन दुसऱ्या खिडकीशी. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. तो बाहेर बघतोय, चष्म्यामुळे डोळे दिसत नाहीत. वारा आत येतो, तिचा पदर उडतो आणि त्याच्या बाजूला जातो. ती बघते. तो बघतो की नाही, कळत नाही. सीटवर टेकलेले हात, त्यांच्यातलं वीतभर अंतर, आणि तिची नजर त्या अंतरावर. घडतं काय? काहीच नाही. सात-आठ संवादांत सांगता आलं असतं ते के. के. महाजनांचा कॅमेरा एका रेक्झिनच्या सीटवर सांगून टाकतो. याच ठिकाणी मुकेशचा आवाज येतो. योगेशचे शब्द, सलील चौधरींची चाल. या गाण्यासाठी मुकेशना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गंमत ही की मनात चाललेली सगळी घालमेल दीपाची आहे आणि ती गातो आहे एक पुरुष. नायिकेच्या मनासाठी गायिका हवी हा हिंदी चित्रपटाचा अलिखित नियम इथे सरळ मोडला आहे. पहिल्यांदा पाहताना हे लक्षातही येत नाही. लक्षात आल्यावर मात्र वाटतं की बायकी आवाजात हेच गाणं तिच्या प्रेमाची कबुली झालं असतं. मुकेशच्या आवाजात ते ‘मन असंही वागतं’ एवढ्यावरच थांबतं. तिला त्यात कुणी आरोपी करत नाही.

नवीन संबंध चित्रपटात एकदाही प्रेमाचा शब्द उच्चारत नाही. तो वेळेवर येतो, तिच्या नोकरीसाठी धावपळ करतो, तिला शहर दाखवतो, स्टेशनवर पोचवायला येतो. बाकी सगळं दीपा रचते. चित्रपटात दीपा नसलेला प्रसंग शोधावा लागतो. तिचा मनातला आवाज आपल्या कानात सतत बोलत असतो. म्हणजे आपल्याला नवीन कसा आहे हे कळतच नाही, दीपाला तो कसा दिसतो एवढंच कळतं. संजयचंही तेच. दिल्लीत ती संजयच्या उशिराला नवीनच्या वक्तशीरपणाशी ताडून पाहत नाही, कारण तिथे नवीन समोर नाही. मुंबईत ती प्रत्येक क्षणी ताडून पाहते. जो समोर आहे तो खरा, हे तिच्या मनाचं वळण. ‘साध्याने चकचकीतावर मात केली’ हा निष्कर्ष म्हणूनच मला चुकीचा वाटतो. मात करायला दोन खेळाडू एका मैदानात तरी यायला हवेत. इथे दोघे पुरुष पाऊणएक चित्रपट हजार-बाराशे किलोमीटर लांब आहेत आणि सामना एकटी दीपा खेळते आहे, दोन्ही बाजूंनी.

यावर कुणी म्हणेल की मग दीपा चंचलच झाली. 1974 मध्येही काही जण असंच म्हणाले असणार, आणि आज वेगळ्या शब्दांत म्हणतील. मला तसं वाटत नाही. चंचल माणसाला आपण बदलतोय याचा पत्ता नसतो, किंवा असला तरी फिकीर नसते. दीपा प्रत्येक वळणावर स्वतःची झडती घेते. संजयवर अन्याय होतोय का, हे ती मुंबईतही विचारते. चित्रपट सुरू होतो तोच तिच्या दुःस्वप्नापासून: रेल्वेगाडी, एकटेपण, मागे राहून जाण्याची भीती. त्या भीतीचा हात धरून पुढचं सगळं पाहिलं तर कळतं की तिला माणूस निवडायचा नाही, सुटून जायचं नाही एवढंच तिला हवंय. हिंदी चित्रपटातल्या नायिकेला एकाच वेळी दोघांबद्दल ओढ वाटावी आणि त्याबद्दल तिला ना मरण यावं, ना पश्चात्तापाचं गाणं म्हणावं लागावं, ही गोष्ट त्या काळात किती दुर्मीळ होती याची कल्पना आज येत नाही. बाजूच्या थिएटरांत तेव्हा रागावलेले नायक आले होते. ‘जंजीर’ आदल्याच वर्षीचा. त्या गदारोळात एका बाईने मनातल्या मनात दोन तास विचार करत बसावं, आणि लोकांनी तिकीट काढून ते पाहावं!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. दीपाला मुंबईची नोकरी लागते. त्याच वेळी संजय येतो, त्याला बढती मिळाल्याचं सांगतो, आणि ती दिल्लीतच राहायचं ठरवते. त्याची बढती झाली, तिची नोकरी गेली. आजच्या कुठल्याही शिकलेल्या मुलीला हा हिशेब टोचेल, आणि टोचायलाच हवा. मूळ कथेतला संजय निदान असं म्हणतो की तुला कलकत्त्याला नोकरी लागली तर मीही तिकडे बदली करून घेईन. तिथे शेवट मिठीवर होतो आणि नोकरीचं काय हे मन्नूजी अधांतरी ठेवतात. चित्रपटाने बढतीची बातमी शेवटाला आणून बसवली, आणि तराजू एका बाजूला कलला. माझ्या मते बासूदांचं हे एकच पाऊल चुकलं. कथेने वाचकावर सोडलेली गोष्ट त्यांनी स्वतःच मिटवून टाकली, बहुधा प्रेक्षकाला समाधानाने घरी पाठवण्यासाठी. पण या एका गाठीवरून अख्खा चित्रपट बाईला घरात बसवणारा ठरवणं मला मान्य नाही. त्याआधीचे दोन तास तिच्या मुलाखतीला, तिच्या प्रबंधाला, तिच्या एकटीने केलेल्या प्रवासाला कुणीही हरकत घेत नाही. संजयमध्ये ढिसाळपणा भरपूर आहे, मालकी हक्क नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण ढिसाळ माणसाशी भांडता येतं.

राहिला तो शेवट. दिग्दर्शकाला गोड शेवट हवा होता, तुम्ही उगाच त्यात संशय भरताय, असं कुणी म्हटलं तर मी त्या प्रसंगांचा क्रम दाखवीन. मुंबईहून परतल्यावर दीपा नवीनच्या पत्राची वाट पाहते आहे. टॅक्सीत न बोललेलं, निरोपाच्या वेळी हातावर टेकलेल्या हातात राहून गेलेलं, सगळं त्या पत्रात येईल अशी तिला आशा आहे. पत्र येतं. त्यात नोकरीबद्दल अभिनंदन आहे आणि तेवढंच आहे. ती ते घेऊन सुन्न उभी असताना दारात संजय येतो, हातात फुलं, चेहऱ्यावर तेच हसू. ती धावत जाते. संजयला वाटतं, ही आपली वाट पाहत होती. ती कुणाची वाट पाहत होती हे आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. पत्र दोन ओळींनी मोठं असतं तर? किंवा टपाल एक दिवस उशिरा आलं असतं तर? सिनेमाच्या दारात, भेटीगाठींत, जिथे जिथे त्याला बोलावलं होतं तिथे संजय उशिराच पोचला. याच एका वेळी त्याला कुणी वेळ दिलेली नव्हती, आणि तो अगदी ठोक्याला आला.